फितूर : एका शब्दाच्या बदलत्या निष्ठा

१

खटल्याची बातमी देताना मराठी वृत्तपत्रे ‘साक्षीदार फितूर झाला’ असे छापतात. मराठी वाचकाला त्यात काही वावगे वाटत नाही. पोलिसांपुढे एक सांगितलेला माणूस न्यायासनापुढे दुसरेच सांगतो, म्हणजे त्याने कोणाला तरी तोंडघशी पाडले आणि लोभाने अथवा धाकाने तो पलीकडच्या बाजूला गेला, एवढे सारे त्या एका शब्दातून त्याला कळते. हेच वाक्य हिंदी भाषकाने वाचले तर तो बुचकळ्यात पडेल. त्याच्या भाषेत फितूर ही डोक्यात शिरणारी गोष्ट आहे. खूळ, नाद, वेड. २०१६ साली ‘फितूर’ या नावाचा हिंदी चित्रपट आला तो प्रेमाच्या ध्यासाविषयीचा होता. मराठी अर्थाच्या फितुरीचा त्यात विषय नव्हता. कन्नड भाषकाला ‘पितूरी’ म्हणजे कट. तेलुगू भाषकाला ‘पितूरी’ म्हणजे बंड, आणि घरगुती बोलण्यात चहाडी किंवा गाऱ्हाणे. बंगाली भाषकाला ‘फतुर’ म्हणजे ज्याचे होते नव्हते ते सर्व गेले असा निष्कांचन माणूस.

एकाच परकीय शब्दाने भारतीय भाषांत अशी पाच बिऱ्हाडे थाटली आहेत. शब्दांचे अर्थ प्रवासात बदलतात ही गोष्ट भाषाभ्यासकांना नवी नाही. परंतु फितूर या शब्दाचे अर्थांतर केवळ कुतूहलाचा विषय नाही. विश्वास मोडला गेला असता दोष कोणावर ठेवायचा, या प्रश्नाची पाच वेगवेगळी उत्तरे त्यात साठलेली आहेत. मराठीने दिलेले उत्तर त्यांतले सर्वांत कठोर, आणि मूळचे मात्र सर्वांत समजूतदार होते. ही समजूत मराठीने कशी मिळवली आणि कशी गमावली, हे पाहणे कोशकारांप्रमाणेच न्यायाची चाड असणाऱ्यांनाही उपयोगाचे आहे.

२

प्रथम व्युत्पत्तीचा विचार. फितूर या शब्दाचे मूळ अरबी ‘फुतूर’ हे होय. फ-त-र या धातूचा अर्थ उष्णता ओसरणे, जोर मंदावणे, ढिले पडणे असा आहे. त्याच धातूपासून सिद्ध झालेला ‘फातिर’ हा शब्द कोमट पाण्याला लावतात. फुतूर म्हणजे शैथिल्य, ग्लानी, मंदपणा. फारसीच्या द्वारे हा शब्द हिंदुस्थानात आला तेव्हा शैथिल्यापासून बिघाड, बिघाडापासून अव्यवस्था आणि अव्यवस्थेपासून उपद्रव असा त्याचा अर्थविस्तार झाला. उच्चारही फुतूरचा फितूर झाला. हिंदी-उर्दूत हा बिघाड मनात राहिला आणि त्याचे खूळ झाले. बंगालीत तो घरच्या तिजोरीत शिरला आणि त्याची कंगाली झाली. दख्खनेत तो राज्यव्यवहारात आला.

याच्या शेजारी दुसरा एक अरबी शब्द ठेवणे भाग आहे. तो म्हणजे ‘फितना’. त्याचा धातू फ-त-न असा वेगळा आहे. सोने-चांदी विस्तवात घालून तिचा कस पाहणे हा त्या धातूचा जुना अर्थ. त्यावरून परीक्षा, मोह, भुलवणे आणि अखेरीस आपसांतील यादवी असे अर्थ निघाले. इस्लामच्या इतिहासात सन ६५६ ते ६६१ या काळातील यादवीला ‘पहिली फितना’ म्हणतात. आंद्रे विंक यांनी अठराव्या शतकातील मराठी स्वराज्यावरील आपल्या १९८६ च्या ग्रंथात राज्यविस्ताराचे मुख्य साधन म्हणून या फितनेची मांडणी केली आणि मराठी कागदांतील ‘फितवा’ या शब्दाची सांगड तिच्याशी घातली. निष्ठा फोडणे, वाटाघाटी करणे आणि प्रतिपक्षातील असंतुष्टांना आपल्याकडे ओढणे हा त्या काळच्या राजकारणाचा अपवाद नव्हता, नियम होता, हे त्यांचे प्रतिपादन महत्त्वाचे आहे. शब्दाच्या घडणीपुरता मात्र एक वेगळा विचार संभवतो. चकवणे यावरून चकवा, तसा फितवणे यावरून फितवा हा शब्द मराठीच्या स्वतःच्या टाकसाळीत पडलेला दिसतो. त्यासाठी फितनातील नकाराचा वकार झाला असे मानण्याची गरज उरत नाही. अर्थाच्या बाजूने फितनेची छाया त्यावर पडली असणे मात्र अगदी शक्य आहे. शिवाय ‘फितना’ हे रूप दख्खनी कानाला नाकारान्त क्रियापदासारखे, करना-भरना यांच्यासारखे, ऐकू येते. त्याचे मराठी रूप ‘फितणे’ असे होणे अवघड नव्हते. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण तो ग्राह्य धरला तर मराठीच्या फितुरीत दोन विरुद्ध गोष्टी एकत्र आल्या असे म्हणावे लागते. एका धातूत ऊब निघून जाते, दुसऱ्यात सोने विस्तवावर धरले जाते. निष्ठा निवणे आणि निष्ठेचा कस लागणे, या दोन्ही क्रिया एकाच शब्दाच्या पोटात आल्या.

‘फतवा’ या शब्दाशी मात्र या कुळाचा काही संबंध नाही. तो तिसऱ्याच धातूचा, धर्मशास्त्रीय निर्णयाचा वाचक आहे. फितवा आणि फतवा यांच्यातील ध्वनिसाम्यामुळे अलीकडे दोहोंची जी सरमिसळ होते ती निव्वळ अज्ञानाची आहे.

३

मराठीत विश्वास मोडण्याला शब्दांची वाण नाही. दगा, बेइमानी, गद्दारी, निमकहरामी हे फारसी-अरबी वळणाचे; विश्वासघात, द्रोह, वचनभंग हे संस्कृत; तोंडघशी पाडणे, केसाने गळा कापणे हे देशी वाक्प्रचार. यांतील दगा, बेइमानी, विश्वासघात यांना क्रियेचे रूप घ्यायचे तर ‘करणे’, ‘देणे’ यांचा हात धरावा लागतो. फितुराला मराठीने स्वतःची क्रियापदे दिली: फितणे आणि फितवणे. परका शब्द जेव्हा क्रियापद होऊन भाषेत चालू लागतो, तेव्हा तो पाहुणा राहिलेला नसतो.

या दोन क्रियापदांची रचना पाहण्यासारखी आहे. फसणे-फसवणे यांत जो संबंध, तोच फितणे-फितवणे यांत. फसणारा स्वतः काही करीत नाही. त्याच्या बाबतीत काही घडते, आणि ते घडवून आणणारा दुसरा कोणी असतो. फितणेही असेच आहे. ‘किल्लेदार फितला’ या वाक्यात किल्लेदार व्याकरणाने कर्ता खरा, पण अर्थाने अर्धाच कर्ता आहे. त्याला फितवणारा कोणी तरी पडद्यामागे उभा आहे, हे क्रियापदाचे रूपच सांगते.

दगा या शब्दाशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. दगा हा फारसी शब्द भारतीय भाषांत विलक्षण पसरलेला आहे. हिंदी, गुजराती, मराठी, कन्नड, तेलुगू या साऱ्यांत तो जवळजवळ एकाच अर्थाने नांदतो. बंगालीत त्याचा ‘दागा’ झाला आणि डाग या अर्थाच्या शब्दाच्या शेजारामुळे मनाला बसलेला घाव असाही अर्थ त्याला चिकटला. दग्याच्या वाक्यात ज्याचा घात झाला तो नेहमी हजर असतो: ‘मित्राने त्याला दगा दिला’. किंबहुना घात होणाऱ्याच्या दृष्टीनेच हा शब्द योजला जातो, म्हणून ‘पावसाने दगा दिला’, ‘प्रकृतीने दगा दिला’ असे आपण सहज म्हणतो. पावसाचा काही हेतू नसतो. शेतकऱ्याची अपेक्षा मोडली एवढेच खरे असते. पाऊस फितूर झाला असे मात्र कोणी म्हणत नाही. फितुरीला दोन माणसे पुरत नाहीत, तीन लागतात: ज्याची बाजू सुटली तो, ज्याने बाजू सोडली तो आणि ज्याने ती सोडायला लावली तो.

यातली लक्ष वेधणारी गोष्ट विभक्तीची आहे. ‘किल्लेदार मोगलांना फितूर झाला’ असे आपण म्हणतो. चतुर्थीत येतो तो शत्रू. ज्या धन्याचा, ज्या गडावरच्या माणसांचा घात झाला, त्यांना वाक्यात जागाच नाही. दगा हा शब्द घात झालेल्याकडे बोट दाखवतो. फितूर हा शब्द फितवणाऱ्याकडे. एक शब्द दुःखाची नोंद करतो, दुसरा कारणाची.

आणखी एक बदल नोंदवला पाहिजे. जुन्या मराठी व्यवहारात फितूर हे बहुधा कृत्याचे नाव असे. फितूर केला, फितवा केला, म्हणजे कारस्थान केले, माणसे फोडली. आज ते प्रामुख्याने माणसाचे विशेषण झाले आहे. ‘फितूर केला’ याचे ‘फितूर आहे’ झाले. कृत्याला आरंभ असतो, शेवट असतो, कारण असते. विशेषण माणसाला चिकटले की या तिन्हींची चौकशी थांबते.

४

हा शब्द दख्खनच्या राजकारणात रुळण्यापूर्वीही ती क्रिया येथे अपरिचित नव्हती. साम, दाम, दंड आणि भेद या चार उपायांतील भेद तो हाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणाचे तेरावे आणि चौदावे अध्याय याच विषयाला वाहिलेले आहेत. शत्रूच्या राज्यातील जी माणसे फोडता येण्याजोगी आहेत त्यांना तो ‘कृत्य’ म्हणतो. हाही शब्द कर्मणीच आहे. ज्याच्यावर काम करता येईल तो कृत्य. अशांचे त्याने चार वर्ग केले: क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी. त्यांतील क्रुद्धांची यादी वाचताना मन थबकते. तिच्या अग्रभागीच असा माणूस आहे, की ज्याला देऊ केलेले पुढे दिले गेले नाही. त्यामागोमाग येतो तो, ज्याचे काम दुसऱ्याच्या तोडीचे असूनही ज्याचा अवमान झाला. म्हणजे जो पुढे आपल्या राजाला तोंडघशी पाडणार आहे, त्याला आधी राजाने तोंडघशी पाडलेले आहे. फितुरीचा आरंभ फितणाऱ्यापाशी नसून वरच्या पायरीवर असू शकतो, ही जाण कौटिल्याने नीतीच्या नव्हे तर निखळ व्यवहाराच्या भाषेत मांडली. स्वतःच्या राज्यातील अशा माणसांना कसे राखावे, हे त्याने शत्रूच्या माणसांना कसे फोडावे याच्या आधी सांगितले, हेही विसरता येत नाही.

सतराव्या शतकातील महाराष्ट्रात या ज्ञानाचा पडताळा पावलोपावली येतो. १६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा आदिलशाहीने मावळच्या देशमुखांना फर्माने पाठवून खानास मिळण्यास सांगितले. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी जेधे शिवाजी महाराजांपाशी राहिले. मराठी इतिहासात खोपडे फितूर ठरले, जेधे निष्ठेचा आदर्श. हा निवाडा आपल्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु विजापूरच्या दरबारातून पाहिले तर चित्र नेमके उलटे दिसते. तेथे फर्मान मोडणारे जेधे हेच फितूर होते. शब्द दोन्ही ठिकाणी तोच; फरक पडतो तो बोलणारा कोठे उभा आहे याने.

१७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात वतनदारांच्या स्वभावाचे जे वर्णन आहे ते या संदर्भात प्रसिद्धच आहे. परचक्र आले की वतनाच्या आशेने हे लोक आधीच शत्रूशी सलोखा करतात आणि इकडचे भेद तिकडे पोहोचवतात, असा अमात्यांचा अनुभव. पण त्याच अमात्यांच्या हयातीत, राजाराम महाराज जिंजीस असताना, मोगलांकडे गेलेल्या आणि जाऊ पाहणाऱ्या सरदारांना परत वळवण्यासाठी वतने देण्याचेच धोरण स्वीकारावे लागले होते. जमिनीच्या ज्या तुकड्याने माणूस फितत होता, त्याच तुकड्याने तो राखलाही जात होता. पुढे औरंगजेबाने सह्याद्रीतील किल्ले घेतले त्यांतील कितीतरी किल्लेदारांशी बोलणी करून आणि रक्कम मोजून घेतले. १७०४ साली तोरणा लढून घ्यावा लागला याची इतिहासकार आवर्जून नोंद करतात ती याचमुळे. आणि अशा रीतीने गेलेले किल्ले मराठ्यांनी लवकरच परत मिळवले. या काळातील फितुरीला एकाच रंगाची शाई पुरत नाही.

ती एकरंगी झाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापण्यास आरंभ केला, ऐतिहासिक कादंबरी आणि नाटक ही लोकप्रिय झाली, आणि पारतंत्र्याचे कारण शोधणाऱ्या समाजाला फितूर हे पात्र हाती लागले. राष्ट्र या कल्पनेचा उदय झाल्यावर धनी, वतन आणि मीठ यांच्याशी असलेल्या जुन्या निष्ठा मागे जाऊन त्यांच्या जागी एकच निष्ठा आली. त्या एका निष्ठेच्या मापाने दोनशे वर्षांपूर्वीची माणसे मोजली गेली. सूर्याजी पिसाळ हे नाव एका व्यक्तीचे न राहता शिवी झाले. त्या काळाला अशा शब्दाची गरज होती हे मान्य केले पाहिजे. परक्या सत्तेशी झगडणाऱ्या समाजाला आपल्यातील दुफळीचे भय वाटणे स्वाभाविक होते. पण गरजेने आलेला अर्थ गरज सरल्यावरही राहिला, आणि त्याने जुना अर्थ झाकून टाकला.

५

शेजारच्या भाषांकडे पाहिले म्हणजे हे झाकलेले अंग पुन्हा दिसू लागते. कन्नड आणि तेलुगू यांतील ‘पितूरी’ हे रूप ईकारान्त आहे, म्हणजे ते फितूर याऐवजी फितुरी या रूपापासून आलेले. आरंभीच्या फकाराचा पकार होणे त्या भाषांच्या प्रकृतीला धरून आहे. दख्खनी बोलणाऱ्या सैन्यांच्या आणि मराठी मुलकी-लष्करी व्यवहाराच्या वाटेने तो शब्द दक्षिणेत उतरला असावा. कन्नडने त्यातील गुप्त खलबत तेवढे घेतले. पितूरी म्हणजे कट, मग तो मित्राविरुद्ध असो वा शत्रूविरुद्ध. निष्ठेचा प्रश्न तेथे दुय्यम आहे.

तेलुगू प्रदेशात या शब्दाचे जे झाले ते तर अधिकच उद्बोधक आहे. गोदावरीच्या उत्तरेकडील रंपा आणि गूडेम या डोंगरी मुलखांत एकोणिसाव्या शतकात वारंवार उठाव झाले. १८७९ चा उठाव त्यांत मोठा. मन्सबदाराच्या जाचाला, ताडीवरील कराला आणि पोलिसांच्या जुलमाला विटून डोंगरी लोक उठले. १९२२ ते १९२४ या काळात अल्लूरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखाली त्याच डोंगरांनी पुन्हा शस्त्र उचलले. मद्रास इलाख्याच्या सरकारी कागदांत या उठावांना ‘फितुरी’ हेच नाव आहे, आणि ते इंग्रजी मजकुरातही तसेच लिहिलेले आढळते. १८३९ ते १९२४ या दीर्घ कालखंडातील या उठावांचा अभ्यास डेव्हिड अर्नोल्ड यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात केला, तेव्हापासून इतिहासाच्या अभ्यासकांना हा शब्द परिचित आहे. सरकारच्या दृष्टीने ती राजनिष्ठा मोडणारी फितुरी होती. आंध्राच्या स्मृतीत मात्र ‘रंपा पितूरी’ हे गौरवाचे नाव झाले. ज्या शब्दाने मराठीत माणसाची मान खाली जाते, त्याच शब्दाने तेलुगूत डोंगरातील आदिवासींचा स्वाभिमान सांगितला जातो. मराठी भाषांतरकाराने तेलुगूतील पितूरीचे भाषांतर फितुरी असे केले, तर वीरांना द्रोही ठरवण्याचा प्रमाद त्याच्या हातून घडेल. आणि शब्द मात्र अक्षरशः बरोबर असेल.

बंगालीतील फतुर तर वेगळीच बाजू दाखवतो. तेथे दोष कोणाचाच नाही. ज्याचे सर्व संपले तो फतुर. शैथिल्य हा मूळ अर्थ तेथे परिणामाच्या टोकापर्यंत गेला. हिंदीत फितूर मनाचा विकार आहे आणि विकाराला दोष देता येत नाही. या साऱ्या भाषांत एकटी मराठीच अशी, की जिने या शब्दाने माणसावर न्यायनिवाडा केला.

मराठीचे कोश या प्रवासाबद्दल बहुतेक मौनच पाळतात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश ही आपली मोठी कामे आहेत आणि त्यांच्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही. परंतु परभाषेतील मूळ दाखवून थांबण्याची जी रीत मराठी कोशरचनेत पडली, तिने असे दाखवले की शब्द अरबस्तानातून निघाला तो थेट पुण्यास उतरला. वाटेतल्या मुक्कामांची नोंद नाही, शेजारच्या घरी तो काय म्हणून राहतो याची विचारपूस नाही. भारतीय भाषांचा तौलनिक अभ्यास साहित्यकृतींपुरता ठेवून भागणार नाही. फारसी-अरबी कुळातील व्यवहारशब्दांचा आंतरभारतीय कोश हे या देशातील विद्यापीठांचे राहून गेलेले काम आहे, आणि एका भाषेच्या विभागाला ते एकट्याने पेलणारे नाही.

६

आता आरंभीच्या साक्षीदाराकडे वळले पाहिजे. कारण शब्दाचा हा प्रश्न आज सर्वाधिक जाणवतो तो त्याच्या संबंधात. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १५४ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १५७ व्या कलमात, साक्षीदाराला कोणतेही दूषण दिलेले नाही. ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला त्याला, न्यायालयाच्या परवानगीने, उलटतपासणीत विचारता येतील असे प्रश्न विचारता यावेत, एवढीच ती तरतूद आहे. त्या साक्षीदाराची साक्ष सर्वस्वी बाद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. कन्नडमध्ये त्यास प्रतिकूल साक्षी म्हणतात. हिंदी वृत्तपत्रे ‘गवाह मुकर गया’ असे लिहितात, कधी ‘पक्षद्रोही’ही म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी फितूर हा शब्द घेतला आणि त्याबरोबर गडाचा दरवाजा उघडणाऱ्या किल्लेदाराची सगळी अपकीर्ती त्या साक्षीदाराच्या माथी आली.

हा साक्षीदार असतो कोण? २०१६ साली हरियाणातील एका खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार का उलटतात याची कारणे मोजून दाखवली: धाकदपटशा, आमिष, आरोपीची दंडशक्ती आणि धनशक्ती, पोलिसांचे ठरीव साक्षीदार, लांबत जाणारे खटले, तपासात आणि सुनावणीत सोसावे लागणारे हेलपाटे, आणि संरक्षण देणाऱ्या कायद्याचा अभाव. ही यादी कौटिल्याच्या यादीशेजारी ठेवावी. भीत आणि लुब्ध हे दोन वर्ग तसेच आहेत. त्यांशिवाय ज्याला देऊ केलेले संरक्षण मिळाले नाही, ज्याला वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायरीवर बसवले, तो क्रुद्धांच्या अग्रभागी असलेलाच माणूस आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता दिली. महाराष्ट्राने त्यापूर्वी, २०१७ साली, स्वतःचा कायदा केला. साक्षीदाराच्या उलटण्यात व्यवस्थेचाही वाटा आहे हे कायद्याने आता मान्य केले आहे. बातमीची भाषा मात्र जुन्याच ठिकाणी आहे.

याउलट, निवडून आलेला प्रतिनिधी आपल्या पक्षाची साथ सोडतो तेव्हा त्याच्यासाठी भाषेने ‘पक्षांतर’ असा सोज्ज्वळ संस्कृत शब्द घडवला. १९८५ साली राज्यघटनेच्या ५२ व्या दुरुस्तीने त्याला आळा घालण्याची तरतूद झाली, तेव्हाही शब्द पक्षांतर हाच राहिला. विरोधक त्यास गद्दार म्हणतात हे खरे. २०२२ नंतर महाराष्ट्रात तो शब्द घोषणेसारखा दुमदुमला. गद्दार या शब्दाची घडण हमाल, सराफ, दलाल यांच्यासारखी आहे. अरबीत या साच्याने एखादे काम सदोदित करणारा, ते ज्याचा धंदा आहे असा माणूस दाखवतात. त्यात फितवणाऱ्याला स्थान नाही. सारे कर्तृत्व करणाराचेच. पण गद्दार हा प्रतिपक्षाचा आरोप आहे आणि ऐकणाराही तो आरोप म्हणूनच ऐकतो. साक्षीदाराला लावलेला फितूर हा शब्द बातमीच्या तटस्थ भाषेत, जणू वस्तुस्थिती म्हणून येतो. मोठ्या माणसाने बाजू बदलली तर ते पक्षांतर, आणि गावात उद्या पुन्हा त्याच रस्त्याने ज्याला जायचे आहे अशा लहान माणसाची जीभ अडखळली तर ती फितुरी. भाषेतील हा पंक्तिप्रपंच साधा नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. साक्षीदार उलटला की कोणाचा तरी न्याय बुडतो. मारल्या गेलेल्याचे आईबाप, अत्याचार सोसलेली स्त्री, जिच्यावर गावाने बहिष्कार घातला ती वस्ती, यांच्या पदरी निराशा येते. काही साक्षीदार खरोखरच पैसे घेतात. अशांविषयी मृदू शब्द शोधणे म्हणजे पीडितांच्या जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर वर आलेल्या व्याकरणातच आहे. फितूर या शब्दाने पीडितांना न्याय मिळत नाही, कारण त्या वाक्यात पीडितांना जागाच नसते. त्यांची बाजू सांगायची असेल तर दगा हा शब्द आहे; साक्षीदाराने त्या कुटुंबाला दगा दिला, असे स्पष्ट म्हणावे, म्हणजे कोणाचा घात झाला हे वाचकाला दिसेल. कारण सांगायचे असेल तर फितवणे हे क्रियापद आहे. साक्षीदाराला फितवले, असे म्हणावे, म्हणजे कोणी फितवले हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील. आणि यांपैकी काहीच ठाऊक नसेल तर ‘साक्षीदार उलटला’ हा साधा मराठी प्रयोग आहे. तो जे घडले तेवढेच सांगतो. सुटे पडलेले ‘फितूर’ हे विशेषण या तिन्हींपैकी एकही काम करीत नाही. ते पीडिताला झाकते, फितवणाऱ्याला झाकते, आणि जो सर्वांत दुर्बळ त्याला उघड्यावर उभा करते.

शब्द भाषेतून काढून टाकावा असे येथे सुचवायचे नाही. तसे कोणाच्या सांगण्याने होतही नसते. फितूर हा शब्द मराठीने तीन माणसांच्या नात्यासाठी घडवला होता. त्याचा उपयोग एका माणसावर शिक्का मारण्यासाठी होऊ लागला, एवढाच आक्षेप आहे. फितणे आणि फितवणे ही जोडी आजही जिवंत आहे. कोशकारांनी तिची नोंद शेजारभाषांच्या साक्षीसह नव्याने करावी, इतिहासलेखकांनी कोणाच्या दरबारातून हा शब्द उच्चारला गेला ते सांगून तो वापरावा, भाषांतरकारांनी पितूरी, फतुर आणि फितूर यांना एकमेकांच्या जागी बसवू नये, आणि वार्ताहरांनी साक्षीदाराविषयी लिहिताना फितवणाऱ्याचा पत्ता आधी विचारावा. निष्ठा निवते तेव्हा ती कोणाच्या तरी हातून निवते. फुतूर या मूळ शब्दात नसलेला हा अर्थ मराठीने आपल्या व्याकरणाने त्यात घातला होता. तो राखणे मराठी भाषकांच्याच हाती आहे.